सहाव्या वर्षी भाडं कोण भरणार?

ताई,

मी गेल्या वर्षी इतिहासात एमए केलं. डिझर्टेशनचा विषय होता 1939 चा लास्करांचा, म्हणजे ब्रिटिश जहाजांवरच्या हिंदी खलाशांचा संप. डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या नऊ विद्यापीठांत इतिहासाच्या पीएचडीसाठी अर्ज केले. रँकिंग उघडलं आणि वरची नऊ घेतली. आठ ठिकाणांहून नकार आला. नवव्यानं पीएचडी नाकारली, पण एक वर्षाच्या एमएला प्रवेश देऊ केला आहे. शिष्यवृत्ती नाही. नाव मात्र खूप मोठं आहे. घरचे कर्ज काढायला तयार आहेत. माझे सर म्हणतात, "एकदा आत शिरलीस की पुढचं आपोआप होतं." दहा दिवसांत कळवायचं आहे.

नाही म्हटलं तर पुन्हा अर्ज करताना काय बदलू? आणि पुढच्या वेळी समजा दोन-तीन ठिकाणी मिळालंच, तर कशावरून ठरवायचं? माझी यादी आणि एसओपी (स्टेटमेंट ऑफ पर्पज, म्हणजे अर्जासोबतचं उद्देशपत्र) सोबत पाठवते आहे. स्पष्ट लिहिलंत तरी चालेल.

— तांडेल

प्रिय तांडेल,

मुदत जवळ आली आहे, म्हणून आधी तेवढंच सांगते. नाही म्हण. कर्ज काढून हे एमए करू नकोस.

अमेरिकेतल्या खासगी विद्यापीठांत अशा एमएची वर्षाची फीच बऱ्याच ठिकाणी 60 हजार डॉलरच्या वर जाते. राहण्या-खाण्याचा खर्च वेगळा. इतिहासाच्या पीएचडीला मात्र चांगले विभाग स्वतः पैसे देतात. फी माफ, आरोग्यविमा आणि वर जगण्यापुरता स्टायपेंड. म्हणजे एकाच सेमिनारमध्ये शेजारच्या खुर्चीवरच्या मुलीला विद्यापीठ पैसे देत असेल आणि तू त्याच तासाचे पैसे विद्यापीठाला भरत असशील. या एमएची पत्रं बऱ्याचदा पीएचडीला नाकारलेल्या अर्जांच्या गठ्ठ्यातूनच निघतात. यात फसवणूक नाही, शिक्षण चांगलंच मिळतं. इंजिनिअरिंग करून इतिहासाकडे वळलेल्याला त्या वर्षाचा उपयोगही होतो. पण तुझं एमए झालं आहे आणि मूळ कागदांवर काम करूनही झालं आहे.

सरांच्या "आत शिरलीस की"मध्ये वेळेचं गणित बसत नाही. तू तिथे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पोहोचशील. पीएचडीचे अर्ज डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात जातात. जेमतेम तीन महिन्यांत, एखादा पेपर वाचून, तिथले प्राध्यापक तुझ्याबद्दल काय लिहिणार? ज्या मोठ्या नावाच्या शिफारशीसाठी एवढं कर्ज काढायचं, ती शिफारस त्या वर्षी कोमटच असणार. खरी शिफारस हवी तर आणखी एक वर्ष थांबावं लागेल, तेही व्हिसाच्या आणि हप्त्यांच्या टांगत्या तलवारीखाली. शिवाय पीएचडीला प्रवेश मिळाला तरी बहुतेक ठिकाणी कोर्सवर्क पुन्हा पहिल्यापासून करायचं असतं. दुसऱ्या कुणी पूर्ण पैसे दिले तर खुशाल जा. कर्जावर नको.

आता नकारांकडे येऊ. त्यातले काही तुझ्यामुळे आले नसतीलही. इतिहासाच्या नावाजलेल्या विभागांत शेकड्यांनी अर्ज येतात आणि जागा दहा-वीस असतात. त्याही दरवर्षी तितक्याच राहतील असं नाही. कोविडच्या वर्षी, 2020-21 मध्ये, मानव्यविद्येच्या अनेक विभागांनी नवीन प्रवेशच थांबवले होते. 2025 मध्ये सरकारी निधीला कात्री लागल्यावर पुन्हा अनेक ठिकाणी जागा कमी झाल्या. अर्ज उघडण्याआधीच आपल्या क्षेत्रातली जागा गेलेली असू शकते आणि हे बाहेरच्याला कळतही नाही. म्हणून आठ नकारांचा अर्थ लावत बसू नकोस. विभागांना कारण विचारूनही उपयोग नाही, बहुतेक जण देत नाहीत.

पण तुझी यादी माझ्यासमोर आहे आणि ती चुकीची आहे.

यूएस न्यूज या अमेरिकन प्रकाशनाचं इतिहासाचं रँकिंग कसं बनतं ते बघ. वेगवेगळ्या विद्यापीठांतल्या विभागांना एकमेकांबद्दलचं मत विचारतात, त्या मतांची सरासरी काढतात, बस. एकूण विभागाचा लौकिक त्यात दिसतो. पण लौकिक मिळवून देणारी माणसं मध्ययुगीन युरोपवर काम करणारी असू शकतात किंवा अमेरिकन यादवीवर. तुझ्या नऊपैकी दोन विभागांत आधुनिक दक्षिण आशियावर काम करणारं मला कुणी सापडलं नाही. आणखी तिघांत एकेक माणूस आहे, तोही धर्म आणि कायद्याच्या इतिहासातला. तिथे तुझा अर्ज कुणी वाचायचा? मी अशा समितीसाठी अर्ज वाचले आहेत. खोलीत पाच-सहा जण असतात आणि त्यातला एखादाच तुझ्या विषयाच्या जवळचा. मुलगी हुशार आहे का, यावर तिथे चर्चा फारशी होत नाही, कारण त्या टप्प्यावर सगळेच हुशार असतात. चर्चा होते ती हिला इथे कोण घेणार यावर. त्या क्षणी कुणीतरी "मी घेईन" म्हणावं लागतं. कुणीच म्हणालं नाही की फाईल बाजूला जाते.

मग यादी कशी करायची? माणसांवरून. तू डिझर्टेशनमध्ये ज्यांना खरोखर वाचलंस, ज्यांच्याशी तळटिपांत भांडलीस, त्यांची नावं काढ. ती माणसं आज कुठे शिकवतात ते शोध. मग त्यांचे अलीकडचे विद्यार्थी कोण, त्यांनी कशावर लिहिलं आणि ते कुठे गेले ते बघ. फक्त दक्षिण आशियाच्या खान्यात शोधू नकोस. कामगारांचा इतिहास, हिंदी महासागर, ब्रिटिश साम्राज्य, स्थलांतर हे सगळे तुझे शेजारी आहेत आणि एखाद्या विभागात त्यातले तिघं असले तर दक्षिण आशियाचा एकच माणूस असूनही तुझं चांगलं भागेल. याउलट शिकागोमधला दक्षिण आशियाई भाषा-संस्कृतींचा विभाग, कोलंबियातला मेसास (मध्यपूर्व, दक्षिण आशिया आणि आफ्रिकेच्या अभ्यासाचा विभाग) किंवा पेनसिल्व्हेनियातला साउथ एशिया स्टडीज हे इतिहासाच्या विभागांपासून वेगळे आहेत. तिथेही उत्तम इतिहास लिहिला जातो. मात्र पदवीवर इतिहास लिहिलेलं नसतं आणि इतिहासाच्या नोकरीसाठी अर्ज करताना ते समजावून सांगावं लागतं. तुझं काम बंदरं, करारनामे आणि पगाराच्या नोंदींवर आहे. तू इतिहासाच्या विभागातच अर्ज करावास असं माझं मत आहे.

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये या प्राध्यापकांना छोटी ईमेल पाठव. पाच-सहा ओळी पुरेत. मी कोण, माझा प्रश्न काय, तुमच्या कोणत्या कामामुळे लिहिते आहे आणि या वर्षी तुम्ही विद्यार्थी घेणार आहात का. शेवटचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा, कारण कुणी दोन वर्षांत निवृत्त होणार असतं, कुणी दुसरीकडे चाललेलं असतं, आणि विभागाच्या वेबसाइटवर यातलं काही दिसत नाही. उत्तर आलं नाही तर मनाला लावून घेऊ नकोस. अमेरिकेत प्रवेश समिती देते, एकटा प्राध्यापक देत नाही, त्यामुळे काही जण धोरण म्हणूनच उत्तर देत नाहीत. सोबत सीव्ही, प्रकरण, गुणपत्रिका असा गठ्ठा जोडू नकोस. हवं असेल तर ते मागतील.

आता एसओपी. तुझी सुरुवात अशी आहे: "लहानपणी ऐकलेल्या गोष्टींतून माझ्या मनात इतिहासाविषयी कुतूहल निर्माण झालं. समुद्रानं मला नेहमीच खुणावलं आहे. आपल्या जगप्रसिद्ध विद्यापीठाच्या समृद्ध शैक्षणिक वातावरणात माझ्या संशोधनाला योग्य दिशा मिळेल, असा मला विश्वास वाटतो." या तीन वाक्यांत विद्यापीठाचं नाव बदललं, समुद्राच्या जागी किल्ला घातला, तरी काही बिघडत नाही. हजार शब्दांतले पहिले दोनशे असेच गेले आहेत. आणि तिसऱ्या परिच्छेदात, जाता जाता, तू लिहितेस की खलाशांची भरती सारंगामार्फत, म्हणजे त्यांच्या मुकादमामार्फत व्हायची, बरेच जण त्याच्या कर्जात असायचे, मग कंपनीविरुद्ध संप झाला तेव्हा हा सारंग नेमका कुणाच्या बाजूला होता?

अगं, हाच तुझा अर्ज आहे! बाकी सगळं याच्याभोवती रच. उदाहरणार्थ अशी सुरुवात कर: "सप्टेंबर 1939 मध्ये महायुद्ध सुरू झालं आणि त्यानंतरच्या आठवड्यांत ब्रिटिश बंदरांतल्या हिंदी खलाशांनी पगारवाढीशिवाय जहाजावर चढायला नकार दिला. यातल्या अनेकांना नोकरी ज्या सारंगानं मिळवून दिली होती, त्याचंच ते देणंही लागत होते. संपाच्या इतिहासात कंपनी दिसते, सरकार दिसतं, युनियन दिसते. सारंग कुठे होता?" यानंतर लगेच सांग की तू आतापर्यंत कोणते कागद पाहिलेस, त्यातून किती उत्तर मिळालं, कुठे अडलं आणि पुढे काय पाहायला हवं.

इथे तुझ्याकडे एक अशी गोष्ट आहे जी फार थोड्या अर्जदारांकडे असते. तुझे कागद तीन ठिकाणी विखुरलेले आहेत. इंडिया ऑफिसच्या नोंदी लंडनला ब्रिटिश लायब्ररीत. 1939 पासूनच्या युद्धकाळातल्या जहाजांच्या क्रू-लिस्ट, म्हणजे खलाशांच्या याद्या, लंडनमधल्याच क्यू इथे नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये. आणि त्याआधीच्या, 1863 ते 1938 या काळातल्या ब्रिटिश जहाजांच्या याद्यांचा सर्वांत मोठा साठा, सुमारे 70 टक्के, चक्क कॅनडात, न्यूफाउंडलंडच्या सेंट जॉन्स शहरात, मेमोरियल विद्यापीठाच्या मेरिटाइम हिस्टरी आर्काइव्हमध्ये. संपावर गेलेल्या माणसांची आधीची नोकरी शोधायची तर तिथे जावंच लागेल. हे एसओपीत लिही. कुठला कागद कुठे आहे हे ज्याला माहीत आहे तो विषय निभावेल, असं वाचणाऱ्याला वाटतं. भाषांचंही तसंच. खलाशी सिल्हेटचे होते, कोकणचे होते, गुजरातचे होते, पंजाबचे होते. तुला मराठी, हिंदी येतं. बंगाली किंवा उर्दू शिकायला सुरुवात केली असशील तर तसं लिही आणि केली नसशील तर या पावसाळ्यात कर.

शेवटच्या परिच्छेदात त्या-त्या विभागातल्या दोन-तीन माणसांबद्दल लिही, पण नुसती नावं नकोत. त्यांच्या कामाचा तुझ्या प्रश्नाशी कुठे सांधा जुळतो ते एका वाक्यात सांग. हे वाक्य प्रत्येक विद्यापीठासाठी नव्यानं लिहावं लागतं. ते लिहिता येत नसेल तर ते विद्यापीठ यादीतून काढ.

रायटिंग सँपल म्हणून तू संदर्भग्रंथांचा आढावा पाठवलास असं दिसतं. पंचवीस पानं दुसऱ्यांनी काय लिहिलं याची. त्याऐवजी मूळ साधनांवरचं प्रकरण दे, इंग्रजी दोन वेळा तपासून घे आणि सुरुवातीच्या तीन-चार पानांवर सर्वांत जास्त मेहनत कर. गठ्ठ्यात बसलेला वाचक तिथपर्यंत नक्की वाचतो, पुढचं तुझ्यावर आहे. जीआरई ही प्रवेशपरीक्षा बहुतेक विभागांनी काढून टाकली आहे, तरी प्रत्येकाची अट बघ. टोफेल किंवा आयईएल्टीएस या इंग्रजीच्या परीक्षांमधून सूट मिळते का, हेही विद्यापीठागणिक बदलतं.

शिफारसपत्रांविषयी जरा कडू बोलते. आपल्याकडे सर म्हणतात, "तूच लिहून आण, मी सही करतो." मग तिन्ही पत्रं एकाच हातची होतात, तिघंही तुला "मेहनती, नम्र आणि जिज्ञासू" म्हणतात आणि वाचणाऱ्याला ते लगेच कळतं. विभागप्रमुखांच्या पदापेक्षा तुझं डिझर्टेशन ज्यांनी ओळ न ओळ वाचलं त्यांचं पत्र जास्त वजनदार. त्यांना मसुदा देऊ नकोस, त्याऐवजी आठवण करून देणारं एक पान दे. तुझा विषय, त्यांच्या कोणत्या शेऱ्यानंतर तू कोणतं प्रकरण बदललंस, आर्काइव्हमध्ये काय सापडलं. असा तपशील मिळाला की व्यग्र माणूसही स्वतःचं पत्र लिहितो. ऑक्टोबरमध्येच विचार.

फक्त अमेरिकाच का, हेही तुला विचारायला हवं. ब्रिटनमध्ये पीएचडी तीन-चार वर्षांची असते. कोर्सवर्क फारसं नसतं आणि पहिल्या दिवसापासून ठरलेला विषय लागतो. तुझा विषय ठरलेला आहे आणि दोन आर्काइव्ह लंडनमध्ये आहेत. अडचण पैशांची. परदेशी विद्यार्थ्याची फी भारी आणि प्रवेश मिळणं वेगळं, पैसे मिळणं वेगळं. ऑक्सफर्डची क्लॅरेंडन, केंब्रिजची गेट्स यांसारख्या शिष्यवृत्त्यांशिवाय तिकडे जाणं म्हणजे पुन्हा कर्जच. नेदरलँड्समध्ये पीएचडी करणारा बऱ्याचदा पगारी कर्मचारी असतो, नोकरीसारखी जाहिरात येते. जगभरच्या कामगार-इतिहासावर काम करणारी आंतरराष्ट्रीय सामाजिक इतिहास संस्था अॅमस्टरडॅमलाच आहे, 1935 पासून. तिथल्या जाहिरातींवर नजर ठेव, पण अशा जागांवर प्रकल्प आणि प्रश्न बहुधा दुसऱ्याचे असतात. सारंगाला बाजूला ठेवून दुसऱ्याच्या प्रकल्पात चार वर्षं रमशील का, ते तुझं तू ठरव.

आता समज, पुढच्या मार्चमध्ये तुझ्याकडे दोन ऑफर आहेत. इथे जवळजवळ प्रत्येक जण पहिल्या वर्षाकडे बघून निवडतो. गाव कसं आहे, लायब्ररी कशी आहे, प्राध्यापक बोलायला किती गोड. प्रवेश मिळालेल्यांसाठी विभाग जो स्वागताचा कार्यक्रम ठेवतो, त्यावरून मत बनवणं म्हणजे मांडवात बसून संसाराचा अंदाज बांधणं. त्या दिवशी सगळेच छान वागतात. पहिली दोन वर्षं कोर्सवर्क, तिसऱ्यात तोंडी-लेखी परीक्षा आणि संशोधनाचा आराखडा, चौथ्यात आर्काइव्ह, मग लेखन. आणि इतिहासाची पीएचडी पाच वर्षांत क्वचितच संपते, सात-आठ वर्षं सहज लागतात. ऑफर लेटरमध्ये मात्र हमी बहुधा पाच वर्षांची असते. म्हणजे तू सगळ्यांत थकलेली, सगळ्यांत एकटी आणि प्रबंधाच्या सगळ्यांत जवळ असशील, नेमके तेव्हाच पैसे संपतात. निवड त्या वर्षांसाठी करायची.

ऑफर लेटर छापून घे आणि पेन्सिल घेऊन बस. स्टायपेंड नऊ महिन्यांचा आहे की बारा? काही श्रीमंत खासगी विद्यापीठांत तो आता वर्षाला 40 हजार डॉलरच्या वर गेला आहे, बऱ्याच सरकारी विद्यापीठांत 20 ते 30 हजारांच्या दरम्यान आहे. पण नुसता आकडा फसवा असतो. मोठ्या शहरातल्या 40 हजारांपेक्षा छोट्या गावातले 28 हजार पुरून उरू शकतात. कुठे जगायला किती पैसे लागतात ते सांगणारा एमआयटीचा लिव्हिंग वेज कॅल्क्युलेटर आहे, त्यात त्या काउंटीचं नाव टाकून बघ. उन्हाळ्याचे पैसे हमीत आहेत की दरवर्षी अर्ज करून मिळवायचे? किती सत्रं शिकवायचं आणि एका सत्रात किती विद्यार्थी? "निधी उपलब्ध असल्यास" असं कुठे लिहिलं आहे का? विद्यापीठाची फी माफ असली तरी दर सत्राला आणखी काय काय भरावं लागतं? विद्यार्थ्यांची युनियन असेल तर तिचा करार बहुधा ऑनलाइन असतो, तो वाच. पुढच्या वर्षांची वाढ त्यात लिहिलेली असते.

तुझ्याबाबतीत यात आणखी एक पेच आहे आणि तो अमेरिकन वर्गमैत्रिणीला सुचणारच नाही. एफ-1, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला 20 तासांपर्यंतच कॅम्पसवर काम करता येतं. सहाव्या वर्षी पैसे संपले म्हणून ती कॅफेत नोकरी धरू शकेल, तुला ती सोय नाही. आर्काइव्हच्या वर्षासाठी ज्या फुलब्राइट-हेज फेलोशिपबद्दल सगळे बोलतात, ती आजवर अमेरिकन नागरिक आणि कायमस्वरूपी रहिवाशांसाठीच राहिली आहे. भाषा शिकण्याची फ्लास शिष्यवृत्तीही तशीच. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजची फेलोशिप तुला मागता येईल, पण ती भारतातल्या संशोधनासाठी. लंडन आणि सेंट जॉन्सला जायचे पैसे तुला मुख्यतः विभागाकडून आणि विद्यापीठाकडूनच मिळणार. म्हणून विभागाला सरळ विचार: परदेशी विद्यार्थ्याला आर्काइव्हच्या वर्षासाठी तुम्ही काय देता? गेल्या तीन-चार वर्षांत कुणाला दिलं? सहाव्या वर्षाचं काय? नेमकी उत्तरं देणारा विभाग आणि "काहीतरी होऊन जातं" म्हणणारा विभाग यांतला फरक लगेच लक्षात येईल.

खरी माहिती मात्र विद्यार्थ्यांकडून मिळते. विभाग ज्यांची नावं देईल त्यांच्याशी बोलच, पण पाचव्या-सहाव्या वर्षातल्या एखाद्याला स्वतःहून शोध, शक्यतो परदेशी. ईमेलवर विचारू नकोस, व्हिडिओ कॉलवर विचार. लोक लिहीत नाहीत ते बोलतात. जुलैत भाडं कुठून भरतेस? प्रकरण दिल्यावर गाइड किती दिवसांत वाचतात? तुझ्यासोबत आलेल्यांपैकी कोण सोडून गेलं आणि का? गाइडबद्दल विचारल्यावर समोरचं माणूस "खूप बिझी असतात" म्हणून गप्प झालं तर ती शांतता लिहून ठेव.

आणि कधीही एका माणसासाठी विद्यापीठ निवडू नकोस. प्राध्यापक जातात, आजारी पडतात, डीन होतात, दोन वर्षं रजेवर असतात. "हे गेले तर माझा प्रबंध कोण वाचेल?" याला किमान एक नाव हवं, शक्य तर दोन. एक मोठं विद्यापीठ, तिथे तुझ्या विषयातला एकच नामवंत माणूस, निवृत्तीच्या उंबरठ्यावर, नऊ महिन्यांचा स्टायपेंड. दुसरं मधल्या फळीतलं, पण तिथे कामगार, महासागर आणि साम्राज्य यांवर काम करणारी तीन माणसं, बारा महिन्यांचे पैसे आणि आर्काइव्हचं एक वर्ष वेगळं लिहून दिलेलं. मी डोळे झाकून दुसरीकडे जाईन. नातेवाईकांना ते नाव माहीत नसेल, हरकत नाही.

लायब्ररीची काळजी वाटत असेल, तर ती थोडी कमी कर. 1962 पासून पीएल-480 योजनेखाली, भारताला विकलेल्या गव्हाच्या रुपयांतून, अमेरिकन ग्रंथालयांनी भारतीय भाषांतली पुस्तकं वर्षानुवर्षं घेतली. त्यामुळे कडाक्याच्या थंडीतल्या एखाद्या सरकारी विद्यापीठातही मराठी आणि बंगालीचे रॅकच्या रॅक सापडतात. नसलेलं पुस्तक दुसऱ्या विद्यापीठाकडून मागवता येतं.

पुढच्या नोकरीचं बोलायलाच हवं. अमेरिकेत वर्षाला साधारण हजारभर लोक इतिहासात पीएचडी होतात. प्राध्यापकीच्या कायम जागा त्या मानानं खूपच कमी निघतात, आणि 2008 च्या मंदीनंतर हे चित्र सुधारलेलं नाही. विभागाच्या "प्लेसमेंट" पानावर जिंकलेल्यांचीच नावं असतात. त्यापेक्षा अमेरिकन हिस्टॉरिकल असोसिएशननं तयार केलेला "व्हेअर हिस्टॉरियन्स वर्क" हा डेटाबेस बघ, त्यात या शतकातले पीएचडीधारक पुढे कुठे गेले ते सापडतं. मग विभागाला विचार की एखाद्या वर्षी किती जण आत आले आणि त्यातले किती पदवी घेऊन बाहेर पडले. व्हिसाचं लक्षात ठेव. पदवीनंतर ओपीटीवर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच मिळणाऱ्या कामाच्या परवानगीवर, तुला 12 महिने काम करता येईल. विज्ञान-तंत्रज्ञानवाल्यांना मिळते तशी 24 महिन्यांची वाढ इतिहासाला नाही. परत यायचं ठरवलंस तर रँकिंगचा एक खरा उपयोग आहे. यूजीसीच्या 2018 च्या नियमांनुसार क्यूएस, टाइम्स किंवा शांघाय यांपैकी एखाद्या जागतिक क्रमवारीत पहिल्या 500 मध्ये आलेल्या परदेशी विद्यापीठाची पीएचडी असेल, तर सहायक प्राध्यापकाच्या जागेसाठी नेट लागत नाही. मधल्या फळीतली बरीच अमेरिकन विद्यापीठं यात बसतात. ऑफर घेण्याआधी तेवढं तपासून घे.

ऑफर आल्यावर कुणी दोन दिवसांत उत्तर मागून घाई केली तर गडबडू नकोस. अमेरिकेतल्या बहुतेक मोठ्या विद्यापीठांनी एका ठरावावर सह्या केल्या आहेत, त्यानुसार आर्थिक मदतीसह आलेल्या ऑफरला 15 एप्रिलच्या आत उत्तर देण्याची सक्ती नसते. तोवर दुसऱ्या विभागाची ऑफर दाखवून "उन्हाळ्याच्या पैशांचं काही होऊ शकेल का?" असं विचारायला लाजू नकोस. कधी होतं, कधी होत नाही. विचारलं म्हणून कुणी ऑफर काढून घेत नाही. जिथे जायचं नाही हे पक्कं झालं, तिथे मात्र लगेच कळव, प्रतीक्षायादीत कुणीतरी बसलेलं असतं.

या वेळी नऊ अर्ज करू नकोस, पाच-सहा पुरे. एकेका अर्जाची फी 75 ते 125 डॉलरच्या आसपास असते आणि प्रत्येकासाठी एसओपीचा शेवटचा परिच्छेद नव्यानं लिहायचा आहे. फीमाफी बऱ्याच ठिकाणी मिळते, पण काही विद्यापीठं ती परदेशी विद्यार्थ्यांना देत नाहीत आणि काही ठिकाणी ती मुख्य अर्ज सबमिट करण्याआधी मागावी लागते. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात सगळीकडच्या अटी वाचून मागून टाक. एमएच्या ऑफरला आज रात्रीच दोन ओळींचा नकार पाठव. कारण द्यायची गरज नाही.

— ताई